जुलाब थांबले, मग पाय का गेले?

2025 च्या जानेवारीत पुण्यातल्या जीबीएसच्या बातम्या रोज येत होत्या. त्या दिवसांत धुळ्याजवळच्या एका वस्तीत, विहारात महिलांची बैठक होती. विषय पाण्याचा होता. बोलता बोलता एका आजीने विचारले, "सिस्टर, जुलाब तर थांबले होते म्हणे. जंतू निघून गेला. मग आठ दिवसांनी पाय कसे काय गेले?"

आजी शाळेत गेलेल्या नाहीत, पण प्रश्न अगदी नेमका होता. या आजाराचे सगळे मर्म त्याच प्रश्नात आहे. त्याचे उत्तर आपल्या घराघरात कळले, तर पुढच्या वेळी कुणाचे दोन-तीन मोलाचे दिवस वाया जाणार नाहीत. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही ते सविस्तर मांडत आहोत.

पुण्यात काय घडले?

जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. 1916 साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमधील या आजाराचे वर्णन केले. त्यांतल्या दोघांची नावे आजाराला चिकटली. आजार नवा नाही. जगात दरवर्षी साधारण एक लाख लोकांमागे एक-दोघांना तो होतो. आम्ही वॉर्डात काम करत होतो तेव्हाही वर्षातून काही रुग्ण पाहायचो.

पुण्यात मात्र थोड्याच दिवसांत, एकाच भागातून रुग्ण येऊ लागले. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला हा तो परिसर. यातली बरीच गावे अलीकडेच महापालिकेत आली आहेत. मार्चच्या सुरुवातीपर्यंत राज्यातल्या रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि दहाहून अधिक माणसे दगावली. रुग्णांच्या शौचाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस हा विषाणू. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात, दोन्हींमुळे जुलाब-उलट्या होतात. संशय पाण्यावर आला. विहिरी, टँकर आणि जारचे पाणी विकणारे खाजगी आरओ प्रकल्प तपासले गेले, त्यांतले काही बंदही केले गेले.

पण जुलाब हजारोंना होतात आणि बहुतेक जण चार दिवसांत बरे होतात. मग काहींचेच पाय का गेले?

चोर कोण आणि धरला गेला कोण?

आपल्या अंगात जंतू शिरला की शरीर त्याला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. दवाखान्यात यांनाच अँटिबॉडी म्हणतात. प्रतिपिंड म्हणजे शरीराचा पहारेकरी. जंतूच्या अंगावरची एखादी खूण तो लक्षात ठेवतो आणि ती खूण जिथे दिसेल तिथे चिकटतो. त्यामागून शरीराची बाकीची फौज येऊन जंतूचा नायनाट करते. हे काम उपकाराचे आहे. एरवी आपण प्रत्येक तापात मेलो असतो.

कॅम्पिलोबॅक्टरच्या काही जातींच्या आवरणावर साखरेच्या कणांची एक साखळी असते. नेमकी तशीच साखळी आपल्या मज्जातंतूंच्या, म्हणजे नसांच्या अंगावर असते. तिला गँगलिओसाइड म्हणतात. जंतूसाठी तयार झालेले प्रतिपिंड आतड्यातला जंतू संपवून थांबत नाही. रक्तातून फिरता फिरता त्याला नसांवर तीच खूण दिसते आणि ते तिथेही चिकटते.

आपल्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. चोरी एकाने केली. पोलिसांकडे वर्णन फक्त शर्टाच्या रंगाचे. मग त्या रंगाचा शर्ट घातलेला वस्तीतला निरपराध माणूस उचलला जातो. जीबीएसमध्ये चोर जंतू असतो आणि मार खाते आपलीच नस.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. जंतू पायात उतरत नाही. तो निघून गेलेला असतो. पण त्याच्यासाठी बनलेली प्रतिपिंडे तयार व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. म्हणूनच जुलाब किंवा ताप जाऊन एक ते तीन आठवडे झाल्यावर पाय जड पडू लागतात. कधी त्याहूनही थोडा उशीर होतो.

हे नुसते तर्कशास्त्र नाही. जपानमधल्या नोबुहिरो युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात या जिवाणूची साखळी आणि नसेवरची साखळी सारखीच असल्याचे दाखवले. पुढे सशांना जिवाणूच्या आवरणातला तो घटक टोचला, तेव्हा सशांच्या रक्तात नसेविरुद्धची प्रतिपिंडे तयार झाली आणि त्यांचे पाय लुळे पडले. उत्तर चीनच्या खेड्यांतही उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या मुलांना असाच लुळेपणा येत असे. त्याचे धागेदोरे याच जिवाणूपर्यंत पोहोचले.

फक्त जिवाणूच नव्हे, विषाणूही

काही विषाणूंनंतरही जीबीएस होतो. सायटोमेगालो नावाचा विषाणू त्यांतला एक. त्याच्यानंतर झालेल्या आजारात वेगळ्या गँगलिओसाइडविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. फ्लू आणि कोरोनानंतरही असे रुग्ण दिसले आहेत. झिका विषाणूचे उदाहरण सर्वांत ठळक. 2013-14 मध्ये प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशिया बेटांवर झिकाची साथ आली आणि तिच्यामागून जीबीएसचे 42 रुग्ण आले. एवढ्याशा बेटांसाठी हा आकडा फार मोठा होता. झिका आपल्यापासून दूर नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला आणि 2024 मध्ये पुणे शहरात आणखी सापडले. डेंग्यू पसरवणारा, दिवसा चावणारा एडिस डास हाच झिका पसरवतो.

खान्देशात हे जोडून पाहावे लागते. धुळ्यात, जळगावात, आसपासच्या गावांत कित्येक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. चार-चार, आठ-आठ दिवस पाणी साठवावे लागते. उघड्या ड्रममध्ये हात बुडतो, त्यातून जुलाब येतात. त्याच ड्रममध्ये एडिसच्या अळ्या होतात. एकाच ड्रममधून दोन्ही वाटा निघतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, घाबरून जाऊ नका. कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब झालेल्या साधारण हजारातल्या एकाला जीबीएस होतो. आणि जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाला वेगळे ताट-तांब्या देण्याची, त्याच्यापासून दूर बसण्याची काही गरज नाही. वेगळ्या ताट-तांब्याचे दुःख आपल्याला सांगायला नको.

कसे ओळखायचे?

आम्ही नोकरीत असताना एक तिशीतला वीटभट्टी कामगार पत्नीच्या खांद्यावर हात टाकून आला होता. पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते. "पायमा जीवच नही राह्यना," एवढेच तो सांगत होता. आधी घरच्यांनी "वारं गेलं" म्हणून दोन दिवस भगताकडे काढले. नंतर गावातल्या एका दवाखान्यात जुलाबाचा अशक्तपणा समजून दोन दिवस सलाईन लावले गेले. आमच्याकडे आला तेव्हा आवाज नाकातून येत होता आणि एका श्वासात तो सातच्या पुढे मोजू शकत नव्हता. त्या रात्री त्याला व्हेंटिलेटर लागला. तो वाचला, आज काठी घेऊन चालतो. पण पत्नीचे किडूकमिडूक गेले, मुकादमाची उचल वाढली. ते चार दिवस वाचले असते तर, हा विचार आमच्या मनातून आजही जात नाही.

म्हणून ही लक्षणे पाठ करा:

- दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा. जिना चढताना, खाली बसून उठताना पाय साथ देत नाहीत. चप्पल पायातून निसटते.
- अशक्तपणा पायांकडून वर सरकतो. हातात तांब्या धरवत नाही, भाकरी थापवत नाही.
- हातापायांना मुंग्या येतात. पाठ आणि मांड्या खूप दुखतात.
- चेहरा वाकडा होतो, डोळे नीट मिटत नाहीत, गिळताना ठसका लागतो, आवाज बदलतो.
- दम लागतो, आडवे झोपवत नाही.

हे सारे तासातासाने, दिवसादिवसाने वाढत जाते. बहुतेकांत दोन आठवड्यांत, फार तर चार आठवड्यांत ते टोकाला पोहोचते. पक्षाघातात साधारणपणे एकच बाजू जाते, इथे दोन्ही बाजू जातात. मधुमेहाने नसा दुखतात तो त्रासही वेगळा. बाबासाहेबांना मधुमेहासोबत पायांच्या नसांचा त्रास होता, हे आपण चरित्रात वाचतो. तसा त्रास वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. जीबीएस चालत्या माणसाला चार दिवसांत खाटेवर पाडतो.

घरी करण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा आणि एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. धडधाकट माणूस विसाच्या पुढे सहज जातो. रुग्ण विसाच्या आत थांबत असेल तर श्वासाचे स्नायू थकत आहेत असे समजा आणि 108 ला फोन करा. पण वीसपर्यंत मोजले म्हणून घरी बसू नका. पाय गळत चालले असतील, तर एवढे कारण रुग्णालयात जाण्यासाठी पुरेसे आहे.

जायचे कुठे? जिथे अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर आहे तिथे. आपल्या भागात धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांची रुग्णालये आहेत. शिरपूर, साक्री, चोपडा, यावलकडच्यांनी अंतराचा हिशेब आधीच धरावा. श्वास अडकल्यावर निघालात तर वाट फार लांब वाटते.

पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले, तर सरकारी आरोग्य विभागाला कळवावेच लागते. मुलाच्या शौचाचे दोन नमुने चोवीस तासांच्या अंतराने घेतले जातात. पोलिओ परत आलेला नाही ना, हे पाहण्यासाठी ही तपासणी असते. भारत 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्त जाहीर झाला, तो अशाच दक्षतेमुळे. नमुना द्यायला नकार देऊ नका.

उपचार कसा चालतो?

रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ हातोडीने गुडघ्याचा झटका तपासतात. जीबीएसमध्ये तो बहुधा गेलेला असतो. मग पाठीच्या मणक्यातील पाणी आणि नसांच्या विजेची तपासणी होते. पाणी काढल्याने माणूस पांगळा होतो, ही भीती खोटी आहे. आम्ही ती तपासणी अनेकदा जवळून पाहिली आहे.

दोष प्रतिपिंडांचा, म्हणून उपचारही प्रतिपिंडांवरच. दोन मार्ग आहेत आणि दोन्ही सारखेच गुणकारी आहेत. पहिल्यात यंत्राच्या मदतीने रक्तातला पिवळा द्रव, म्हणजे प्लाझ्मा, काढून बदलतात. त्याबरोबर घातक प्रतिपिंडे बाहेर जातात. दुसरा मार्ग आयव्हीआयजी या इंजेक्शनचा. हजारो निरोगी रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेली चांगली प्रतिपिंडे त्यात असतात आणि ती वाट चुकलेल्या प्रतिपिंडांना आवरतात. आपल्याकडे जयंतीला रक्तदान शिबिरे होतात. दान केलेल्या रक्ताचा प्लाझ्मा अशाही कामी येतो. आणि त्या बाटलीत कुणाकुणाचे रक्त आहे, हे व्हेंटिलेटरवरच्या माणसाचे नातेवाईक कधी विचारत नाहीत.

आयव्हीआयजी महाग आहे. साधारणपणे वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून देतात. पन्नास किलोच्या माणसाला शंभर ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या. पुण्याच्या साथीत एका इंजेक्शनची किंमत वीस हजारांच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. हिशेब तुम्हीच करा. म्हणून दाखल होतानाच आरोग्यमित्राच्या टेबलावर जा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव घाला. जीबीएस त्या योजनेत आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. बाहेरून इंजेक्शन आणण्यासाठी दागिना मोडण्याआधी "योजनेत का नाही?" हा प्रश्न विचारा. सरकारी रुग्णालयात प्लाझ्मा बदलण्याची सोय आहे का, तेही विचारा. तो उपचार बहुधा कमी खर्चाचा पडतो.

उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर त्याचा गुण जास्त येतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा किंवा गोळ्यांचा जीबीएसमध्ये फायदा होत नाही, हे अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. "ताकदीचे" सलाईन लावून वेळ घालवणे तर सर्वांत धोक्याचे.

बरे होणे

नसेची रचना मळ्यातल्या मोटारीच्या वायरसारखी असते. आत तार, वर वेष्टन. प्रतिपिंडांनी फक्त वेष्टन खाल्ले असेल तर ते पुन्हा चढते आणि माणूस काही आठवड्यांत-महिन्यांत उभा राहतो. आतली तारच तुटली असेल तर वेळ फार लागतो आणि काही कमजोरी मागे राहू शकते. साधारण पाचातले चार रुग्ण सहा महिन्यांत स्वतःच्या पायांवर चालू लागतात. चार-पाचांतल्या एकाला मध्ये व्हेंटिलेटर लागतो. चांगले उपचार मिळूनही शंभरातले सुमारे पाच दगावतात.

नातेवाइकांना आमचे सांगणे असे. व्हेंटिलेटरवरचा जीबीएसचा रुग्ण बोलू शकत नाही, कधी पापणीही हलवू शकत नाही, पण त्याला सगळे ऐकू येते आणि समजते. त्याच्या उशाशी खर्चाच्या, मरणाच्या गोष्टी करू नका. त्याचे नाव घेऊन बोला, आज वार कोणता ते सांगा. दर दोन तासांनी कूस बदलून घ्या. डोळे मिटत नसतील तर नर्सला सांगून ते झाकून घ्या. ठसका लागत असताना प्रेमापोटी तोंडात पाणी घालू नका. घरी आल्यावर फिजिओथेरपी महिनोन्‌महिने चालू ठेवा. कमजोरी राहिलीच तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यात कमीपणा मानू नका.

पाण्याचे काय करायचे?

प्रतिपिंडांनी चूक करायची की नाही, हे आपल्या हातात नाही. त्यांना चुकायला लावणारा जंतू पोटात जाऊ न देणे बऱ्याच अंशी हातात आहे.

- प्यायचे पाणी खळखळून उकळा. नोरोव्हायरस क्लोरीनला सहज दाद देत नाही, उकळण्याला देतो. गॅस परवडत नसेल तर निदान लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे आणि आजाऱ्यांचे पाणी उकळा, बाकीच्यात मेडिक्लोरचे थेंब टाका.
- साठवणीच्या भांड्याला झाकण आणि दांड्याचे ओगराळे हवेच. आठवड्यातून एक दिवस ड्रम रिकामा करून घासून कोरडा करा.
- जारचे पाणी थंड असते म्हणून ते शुद्ध असतेच असे नाही. पुण्याने ते दाखवून दिले.
- कोंबडी खाण्यात दोष नाही, ती कच्ची राहण्यात आहे. आतला गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नका. दूध उकळूनच घ्या.
- शौचानंतर, बाळाचे धुतल्यानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.
- जयंतीच्या मंडपात पाणी आणि सरबत वाटणाऱ्या मंडळांनी पाणी कुठून आले याची चौकशी आधी करावी.

आणि हे सारे फक्त घरातल्या बाईवर टाकून भागणार नाही. गावात जलसुरक्षक असतो. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकणे आणि ओटी टेस्ट करणे हे त्याचे काम. नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. टेस्टमध्ये पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे, रंग आलाच नाही तर नाही. ही टेस्ट वस्तीच्या शेवटच्या नळावर करायला लावा. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन असतो. गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपच्या टोकाला तो उरत नाही, आणि ते टोक बहुधा आपल्याच वस्तीत असते. टीसीएलचा साठा किती, शेवटची टेस्ट कधी झाली, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शहरात हेच प्रश्न नगरसेवकाला आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला विचारा.

20 मार्च 1927 रोजी महाडला आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला. आता ते पाणी पिऊन माणूस आजारी पडू नये, यासाठी तोच हक्क पुढे चालवायचा आहे.

त्या बैठकीतल्या आजीने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाल्या, "म्हणजे जुलाब थांबले तरी पंधरा-वीस दिवस पोराच्या पायाकडे पाहत राहायचं." आम्ही म्हणालो, "हो आजी, तेवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं." वाचकहो, तुम्हीही तेवढे लक्षात ठेवा आणि शेजारच्या घरात सांगा.

जय भीम!